जुनी डिझेल फोर बाय फोर घ्यायचीय, बजेट तंग. नेमकं काय बघू?

वाटसरू
बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, मतलबी म्हणा हवं तर.

आमच्या जमिनीकडे जाणाऱ्या रस्त्याचे शेवटचे सहा किलोमीटर कच्चे आहेत. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते. पावसात दोन ठिकाणी चिखल होतो आणि एक चढ असा आहे की आमची छोटी पेट्रोल गाडी तिथे जागच्या जागी चाकं गरगर फिरवत बसते. गेल्या पावसाळ्यात दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाला आता माझा फोन उचलला की आधी हसतो आणि मग हॅलो म्हणतो.

नवी घेण्याची ऐपत नाही. तीन जुन्या गाड्या नजरेत आहेत.

पहिली वीस वर्षांहून जुनी. सहा सिलिंडर, ४.२ लिटर, साधा यांत्रिक पंप. पत्रा बेकार, पण मालक म्हणतो इंजिन एक नंबर.
दुसरी अकरा वर्षांची, कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना जबर दाबाने डिझेल), चकाचक, किलोमीटरही कमी.
तिसरी दुसरीसारखीच, पण फक्त मागची चाकं ओढणारी. अर्थात स्वस्त.

कुठलं मॉडेल घ्यावं? आणि बघायला गेल्यावर काय काय तपासायचं? मला स्टेपनी बदलण्यापलीकडे काही येत नाही.

काडीबहाद्दर
तिसरी घ्या आणि उरलेल्या पैशांत जुना ट्रॅक्टर. हसणं बंद.

निवांत
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहितो.

चष्मिष्ट
मॉडेलपेक्षा इंजिन कुठलं ते बघा. माझं मत विचाराल तर जुन्यातलं जुनं आणि साधंच घ्या.

टोयोटाचं वन-एच-झेड: ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा त्रास नाही. पळत नाही, पण दमतही नाही. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) असतो, साधारण एक लाख किलोमीटरला बदलावा लागतो. निसानचं टीडी-४२ त्याच वजनातलं, त्यात टायमिंगला थेट गिअर आहेत, म्हणजे बेल्टची कटकटच नाही. मित्सुबिशीचं २.८ लिटरचं फोर-एम-४० चेनवालं. त्याच कंपनीच्या २.५ लिटर फोर-डी-५६ ला मात्र टायमिंग बेल्ट आणि शिवाय बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) वेगळा छोटा बेल्ट. तो छोटा तुटून मोठ्यात अडकला की खेळ खलास, म्हणून दोन्ही एकदमच बदलतात.

बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. डिझेलमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात. पुढचा खर्च ऐकायला खुर्चीत बसावं लागतं.

पानेवाला
नावांची यादी बरोबर आहे, पण वाटसरू, तुमच्यासाठी ती बाजूला ठेवा. वीस-पंचवीस वर्षं याच धंद्यात हात काळे केलेत. चांगल्या इंजिनाची वाट लावलेली गाडी आणि साध्या इंजिनाची जपलेली गाडी शेजारी उभ्या असतील तर मी डोळे मिटून दुसरी घेईन. जुन्या गाडीत तुम्ही कंपनी विकत घेत नाही, आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेता.

आता काय बघायचं ते.

गाडी थंडच बघायची. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, "मी आल्याशिवाय स्टार्टर मारू नका." गेल्या गेल्या बॉनेटवर नाही, बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या बाजूला हात न्या. कोमट लागलं तर का गरम केली ते विचारा. डिझेलचे सगळे रोग थंडीतच बाहेर येतात. या इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापते आणि त्यात डिझेल पेटतं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन थंड असताना ती हवा तापवूच शकत नाही. गरम झाल्यावर तेच इंजिन साळसूदासारखं चालतं.

चावी फिरवा, हीटर प्लगचा दिवा विझू द्या, मग स्टार्टर. एक्सलेटरला पाय लावायचा नाही. दोन-तीन फेऱ्यांत उचललं पाहिजे. तुमच्याबरोबर कुणीतरी मागे सायलेन्सरपाशी उभं हवं.

पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला, डोळे चुरचुरले, तर ते न जळलेलं डिझेल. एखादा हीटर प्लग गेलेला असतो, तो किरकोळ खर्च. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही आणि वास गोडसर येतो, तर कुलंट जळतंय. तिथून नमस्कार करून निघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्हची सीलं नाहीतर टर्बो. काळा धूर जोरात रेस केल्यावर जरासा आला तर जुन्या डिझेलला माफ, सतत येत असेल तर एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, नोझल, पंप असं एकेक बघत जावं लागतं.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. झाकण उडी मारायला लागलं, भकाभका वाफ आली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा-बोअर गेले. मालक म्हणेल "डिझेलला एवढं असतंच." एवढं नसतं.

उरलेलं रात्री लिहितो, एक गिअरबॉक्स उघडा पडलाय.

शंकासुर
@पानेवाला, वाफ "थोडी" आणि "भकाभका" यातला फरक नवख्याने कसा ओळखायचा?

पानेवाला
त्याच दिवशी दोन-तीन गाड्यांची झाकणं उघडा. एकीचं उघडून काही कळत नाही. तिसरीला आपोआप कळतं.

काडीबहाद्दर
@चष्मिष्ट, जुनं ते सोनं हे पुरे झालं आता. तुमची ती ४.२ लिटरची म्हातारी ट्रक मागे लागला की घामाघूम होते. १९९७ मध्ये प्रवासी गाड्यांत कॉमन रेल आलं ते उगीच नाही. आवाज कमी, धूर कमी, ताकद जास्त, डिझेल कमी. तुम्ही अजून कंदील लावता का घरी?

चष्मिष्ट
कंदील लावत नाही, पण कंदील बिघडला तर मला दुरुस्त करता येतो. तुमच्या कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. नोझलचं भोक केसापेक्षा फार मोठं नसतं. एक टाकी पाणी मिसळलेलं डिझेल भरलं की पंप झिजतो, त्याचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरांत जातो. मग पंप, रेल, इंजेक्टर, टाकी धुणे. गाडीपेक्षा बिल मोठं. माझ्या भावाने भरलंय, म्हणून बोलतोय.

काडीबहाद्दर
भावना पोचल्या. भावाने डिझेल फिल्टरमधलं पाणी कधी काढलं होतं?

चष्मिष्ट
तो वेगळा विषय आहे.

काडीबहाद्दर
:)

रानवारा
दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांच्याही भांडणात गाडीचा अर्धा भाग राहून गेला. फोर बाय फोर घेताय ना, मग फोर बाय फोर तपासायचं कोणी?

माझाच किस्सा सांगते. पहिली जीप घेतली तेव्हा इंजिन बघायला मिस्त्री नेला होता. इंजिन खरंच उत्तम निघालं. विकणाऱ्याने आवारातच फोर-व्हीलचा लिव्हर टाकून दाखवला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, मी खूष. दीड महिन्यांनी पहिल्यांदा चिखलात गेले. लिव्हर टाकला, दिवा लागला, एक्सलेटर दिला. मागची चाकं खड्डा खणतायत आणि पुढची जणू त्यांचा काही संबंधच नाही. खाली वाकून बघितलं. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) पुढच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) जाणारा प्रॉपेलर शाफ्टच नव्हता! आधी कधीतरी थरथरतो म्हणून कोणीतरी काढून टाकला आणि परत बसवलाच नाही. जिथे तो बसतो तिथे चार रिकामी भोकं, त्यातल्या एकात कोळ्याने जाळं केलं होतं.

दिवा फक्त लिव्हर सरकल्याचं सांगतो. चाकं फिरतायत का हे तो सांगत नाही.

तेव्हा असं करा. आधी खाली आडवे होऊन दोन्ही शाफ्ट आहेत का बघा (हसू नका). मग माती किंवा खडी असलेल्या जागी जा. पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉकवर फिरवा. बोटांनी फिरले पाहिजेत, पक्कड लागली तर वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून वीस-तीस मीटर सरळ चाला. थांबा, क्लच दाबून न्यूट्रल, मग फोर लो (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त). लो मध्ये गाडी पहिल्या गिअरला माणसाच्या चालीने, एक्सलेटर न देता, चढ चढली पाहिजे. लो मधून गिअर आपोआप उडून बाहेर येतो का बघा. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरा. पुढून कट कट कट आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणारा सांधा) गेला.

खात्री करायची असेल तर पुढचं एक चाक जॅकवर उचला, मागे दगड लावा, हब लॉक, लिव्हर फोर हायवर, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. हाताने चाक फिरवा. अर्ध्या वितीपेक्षा जास्त मोकळं फिरलं तर मधे कुठेतरी काहीतरी नाही.

निवांत
कोळ्याचं जाळं!! हसून हसून पुरेवाट.

शंकासुर
खडीवरच का? डांबरावर तपासलं तर काय होतं? मित्र म्हणतो तो हायवेलाही फोर व्हील टाकून चालवतो, पकड चांगली मिळते म्हणे.

रानवारा
मित्राला थांबवा. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये (गरजेपुरतंच फोर व्हील) लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. मातीत चाक जरासं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. लिव्हर अडकून बसतो, आणि जोर लावला की काहीतरी तुटतं. जिला मधला डिफरन्शियल आहे ती फुल-टाइम गाडी डांबरावरही चालते, पण तिचंही सेंटर डिफ लॉक डांबरावर लावायचं नाही.

आणि हो, चारही टायर एका मापाचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे पुढे आणि दोन गुळगुळीत मागे असले तरी हाच पीळ बसतो.

खडखडाट
सगळे इंजिन आणि गिअरवर लिहितायत. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) राहिली. माझ्या मते पहिली चासी, मग बाकी सगळं. इंजिन बदलता येतं. कुजलेली चासी म्हणजे पाया खचलेलं घर.

एक लहान हातोडी आणि टॉर्च न्या. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जिथे चासी कमानीसारखी वळते तिथे माती साठून आतून गंज धरतो. हलकेच टकटक करत जा. चांगलं लोखंड टणकन बोलतं. कुजलेलं "भद्द" करतं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. स्प्रिंगचे शॅकल, बॉडी माउंट, स्टेपनी टांगायचा क्रॉस मेंबर, सगळीकडे ठोका. खालून ताजा काळा रंग चोपडलेला असेल तर दुप्पट ठोका. वीस वर्षांच्या गाडीचं पोट नवऱ्या मुलासारखं का नटलंय?

चासी नंबर स्वतः वाचा आणि कागदांशी ताडून बघा. बऱ्याच गाड्यांत तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि अशा नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा अक्षरं वरखाली दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सगळे बाकी पुसतात, बेल्टचा आत गुंडाळलेला भाग कोणी पुसत नाही. तिथे चिखलाची रेष सापडते.

पानेवाला
खडखडाट यांना अनुमोदन. राहिलेलं लिहितो.

डिफचं ऑइल: भरायचा नट सोडून करंगळी बुडवा. दुधाळ चहासारखं आलं तर पाणी गेलंय. अशा गाड्या नाल्यात उतरतात, गरम डिफमधली हवा गार पाण्यात एकदम आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) बंद असेल तर डिफ सीलमधून पाणी ओढतो. ऑइल वेळेत बदललेलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडताना खालून "टक" आला तर शाफ्टचे क्रॉस झिजलेत. स्वस्त काम आहे, पण भाव पाडायला उत्तम.

कॉमन रेल असेल तर इंजेक्टरचा रिटर्न तपासून घ्या. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला बाटली लावायची, इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल आलं पाहिजे. एकीत दुप्पट आलं तर तो इंजेक्टर गेला. आणि स्कॅनर लावाल तेव्हा नुसते कोड (बिघाडाच्या नोंदी) बघू नका, "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हा आकडाही बऱ्याच गाड्यांत दिसतो. तो तीन आला तर सकाळीच कोणीतरी पाटी पुसलीय. सायलेन्सरला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली गाडी रोज चार किलोमीटर फिरवणाऱ्याकडून घेऊ नका. काजळी जाळायला त्याला ६०० अंशांच्या आसपास तापावं लागतं, तेवढ्या अंतरात ते होत नाही.

आणि बजेट: दहा रुपये असतील तर आठची गाडी घ्या. सगळी ऑइलं, फिल्टर, बेल्ट, बॅटरी, टायर यात दोन जाणारच.

काडीबहाद्दर
विक्रेत्यांच्या भाषेचा शब्दकोश करूया का?
"एसीत फक्त गॅस भरायचाय" = कॉम्प्रेसर गेला.
"ऑफरोड कधीच नेली नाही" = खाली झाडाची फांदी अजून अडकलेली आहे.

निवांत
"घेऊन बसलं की निघायचं" = निघायचं, पोचायचं नाही.

खडखडाट
"दोन-तीन जण बघून गेलेत" = बघून गेले, हे खरं.

चष्मिष्ट
"किलोमीटर ओरिजिनल" = मीटर ओरिजिनल. ब्रेक पेडलचं रबर बघा. साठ हजाराच्या गाडीत ते गुळगुळीत होत नाही. कोरं करकरीत नवं असेल तरी शंका घ्या.

निवांत
आता रुमाल उचलतो. मूळ प्रश्नातली तिसरी गाडी सगळ्यांनी वाऱ्यावर सोडली. वाटसरू, दोनच जागी चिखल आणि एक चढ ना? मी सात वर्षं टू-व्हील ड्राइव्ह गाडी चिखलाच्या टायरवर चालवली. हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवायची, टायर पसरतो, पकड वाढते. डांबर लागलं की परत भरायची. नव्वद टक्के वेळा काम झालं. फोर बाय फोर म्हणजे दोन डिफ, एक जादा शाफ्ट, ट्रान्सफर केस, वजन आणि खर्च वर्षभर पोसायचा, वापर वर्षातून तीस दिवस.

रानवारा
चढाचं काय पण? ओल्या चढावर मागची दोन चाकं घसरायला लागली की हवा उतरवून भागत नाही. आणि उतरताना लो रेंजचं इंजिन ब्रेकिंग टू-व्हीलमध्ये कुठून आणणार? मी टू-व्हीलने ओला उतार ब्रेकवर उतरलेय. परत नको.

निवांत
उताराचं मान्य. ते माझ्या डोक्यात नव्हतं.

वाटसरू
सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

दुसरी, चकाचक गाडी: सकाळी सातला गेलो. विकणारा म्हणाला कालपासून हातही लावला नाही. एक्झॉस्टजवळ हात नेला, चटका बसेल इतकं गरम. विचारलं तर म्हणाला "ऊन पडलंय ना". ऊन यायचं होतं अजून. निघून आलो.

पहिली, म्हातारी: एका सेल्फमध्ये उठली, झाकण शांत, धूर नाही. मालक खोटं बोलत नव्हता, इंजिन खरंच एक नंबर. मग हातोडी घेऊन खाली शिरलो. उजव्या कमानीपाशी भद्द. थोडं जास्त जोरात ठोकलं तर हातोडीचं टोक आत गेलं आणि गंजाची पोपडी तोंडावर पडली. मालक बाजूलाच बसून बघत होता. त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक, त्याचं तोंड पाहून मलाच वाईट वाटलं.

काल चौथी बघितली, यादीत नव्हती. चष्मिष्ट म्हणतात ते चेनवालं २.८ इंजिन. रंग उडालेला, एका दाराचा पत्रा दबलेला, सीटवर गोधडी. पण मालकाने एक वही काढली. कुठल्या तारखेला कुठलं ऑइल, किती किलोमीटरला, सगळं निळ्या शाईत. डिफचं ऑइलसुद्धा. शेवटच्या पानावर पुढे करायची कामं: "पुढचा डावा हब, सील, घाई नाही." हे त्याने विकताना लपवलं नाही. थंड स्टार्ट झाला, दोन फेऱ्यांत. पांढरा धूर अर्धा मिनिट आला आणि गेला. दोन्ही शाफ्ट जागेवर (कोळी नाही, बघितलं). रिव्हर्स ते पहिला, एक टक. लो रेंजमध्ये शेजारच्या मातीच्या ढिगावर चढली, मी एक्सलेटरला पायही लावला नव्हता.

टकच्या नावाने भाव जरासा पाडला. बयाणा देऊन आलोय. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "बरं झालं, आता तुम्ही मला ओढा."

खडखडाट
चासी??

वाटसरू
टण. सगळीकडे टण. दोनदा ठोकली.

शंकासुर
अभिनंदन! त्या डाव्या हबच्या सीलचं काय करणार? गळत असेल तर ग्रीस ब्रेकवर जाईल ना?

पानेवाला
बरोबर विचारलंत. वाटसरू, मालकाची "घाई नाही" त्याच्या वापराला होती, तुमच्या चढाला नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओलसर काळा डाग आहे का बघा. डाग असेल तर ब्रेकपर्यंत पोचलंय, गाडी घरी आणायच्या आधीच उघडून घ्या. उघडलंच आहे तर बेअरिंगही धुऊन बघा आणि उजव्या बाजूचं सीलही बदलून टाका. आणि ती वही मागून घ्या. लोक गाडी देतात, वही घरीच राहते.

वाटसरू
वही पहिल्यांदा मागितली. डाग बघायला उद्या परत जातो.